नांदेडातलं इटालियन जर-तर

भाषेच्या क्लासात भाषा किती जमते देव जाणे, किस्से मात्र ढिगानं जमतात! नांदेडात एका इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी इटालियन शिकवते. मी मूळची लातूरची. माझी सख्खी बहीण अजून विचारते, "तिथं येतं तरी कोण गं?"

*

येतात की! इथं धान्याची अडत चालवणारे उदगीरचे शिवलिंगअप्पा येतात. त्यांना डाळमिलसाठी इटलीचं मशीन घ्यायचंय. पण जर-तरच्या धड्याला अप्पा वैतागले. इटालियन माणूस अदबीनं बोलायला लागला की 'जर'च्या पुढं क्रियापदाचं रूपच बदलतं. 'आपण आला असता, तर आनंद झाला असता,' असला सगळा थाट!

"म्याडम, आमच्या अडतीत जर-तर चालत न्हाई. सौदा हाय का न्हाई, येवढंच शिकवा!"

*

एकदा मी वाक्य दिलं, 'माझं दुकान जळालं असतं, तर मी काय केलं असतं?' अप्पांनी पेनच खाली ठेवला.

"दिवेलागणीला असलं अभद्र बोलावं का? वास्तू तथास्तु म्हणती!"

"अहो अप्पा, वास्तूला इटालियन कुठं येतंय?"

"क्लास हितंच चालतो न्हवं? रोज ऐकून राहिली ती!"

तेव्हापासून आमच्याकडं फक्त शुभ वाक्यं. 'जावई वेळेवर आला असता, तर पुरणपोळी गरम मिळाली असती.' घ्या!

*

मुदखेडची नसरीन मात्र कसलंही वाक्य बिनचूक करायची. तिला इटलीत कपड्यांचं डिझाइन शिकायचं होतं. वडील रफीकभाई टेलर. ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात. पोरीनं विषय काढला की शिलाई मशीन जोरात चालवायचे! तिचा जीव टांगणीला. मला तर रफीकभाईंचा असा राग यायचा!

कॉलेजची ऑनलाइन मुलाखत माझ्या क्लासातूनच झाली. रफीकभाई तिला घेऊन आले आणि कोपऱ्यात बसले. पलीकडच्या इटालियन बाई भलत्याच अदबशीर. त्यांनी विचारलं, "घरच्यांनी नकार दिला असता, तर आपण काय केलं असतं?"

नसरीननं वळून कोपऱ्यात अब्बांकडं पाहिलं.

"क्या पूछ रे?" रफीकभाई कोपऱ्यातून म्हणाले.

"अब्बा, तुम ना बोलते तो मैं क्या करती, पूछ रे."

रफीकभाई उठले, कॅमेऱ्यासमोर आले आणि थेट त्या बाईंनाच म्हणाले, "ना बोलना रहता, तो ईद के टाइम पे दुकान बंद करके इधर कायकू बैठता मैं?"

वडील काय म्हणाले, बाईंनी विचारलं. नसरीननं ओढणीनं डोळे पुसले आणि अख्खं वाक्य त्यांना इटालियनमध्ये सांगितलं.