भागोजी गप्प आला तो सोमवार

भागोजी तारवाला वाडीच्या पाणंदीत दिसला की पहिली किंकाळी माझी. खोटं कशाला बोलू? गळा मला देवाने सढळ हाताने दिलाय आणि तो मी कधी जपून वापरला नाही. पण मी एकटीच नव्हते हो. तार म्हणजे मरण, हे आमच्या अख्ख्या वाडीला पाठ होतं. निम्मे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, निम्मे बोटींवर खलाशी. खुशाली यायची ती पत्राने. एवढ्या घाईने तारेत कुणी काय कळवणार? कुंकू पुसायची बातमी, दुसरं काय!

तशी तारेची आम्हाला गंमतही वाटायची. खांब आमच्या वाटेनेच गेले होते. वारा सुटला की घुमायचे. बाजारातून येताना टोपल्या खाली ठेवून आम्ही बायका खांबाला कान लावायचो, आत मुंबईची माणसं बोलतात म्हणून. भागोजीने एकदा मला तशी पकडलीन.

"काय गो येसूबाय, काय म्हणतो तुझा घोव?"

"तारवाल्याला जेवायला घालू नको म्हणतो!" मी म्हटलं. मेला रस्त्यात बसून हसला.

असा होता बघा भागोजी. बुटका, पायांत जरा फेंगडा, मिशा मात्र फौजदाराच्या. रत्नागिरीच्या तारऑफिसातून निघायचा, भाट्याची खाडी होडीने ओलांडायचा आणि मग उन्हापावसात दोन-दोन कोस चालायचा. खाकी कोट, कमरेला चामड्याची पिशवी, बगलेत छत्री. वीस वर्षं हेच. पण माणूस इतका हळवा, की त्याला पाहून बायका छाती बडवतात ह्याचं त्याला फार लागायचं. "मी काय यमाचा रेडा आहे काय गो?" म्हणायचा, आणि खरंच डोळे भरायचे त्याचे.

म्हणून त्याने एक रीत काढली. तार गोड असली की वाडीच्या तोंडाशी जो चिऱ्याचा गडगा आहे, त्यावर चढून तिथूनच ओरडायचा, "गोड तार गो बायांनो, गोड तार!" की मग आम्ही चुलीपुढून न उठता विचारायचो, कुणाची म्हणून. नातू झाला, नोकरी लागली, असं काहीतरी निघायचं. बाकी लखोटा बंद, आतला मजकूर इंग्रजी, आणि भागोजीला इंग्रजीतलं ओ की ठो येत नव्हतं. मग त्याला कळायचं कसं? तर म्हातारे तारमास्तर. बातमी बरी असली की ते लखोटा टेबलावर टाकून "पळ" म्हणायचे. वाईट असली की स्वतः उठून त्याच्या हातात द्यायचे, आणि अक्षर बोलायचे नाहीत. ऑफिसचा कायदाही मोडला नाही आणि भागोजीला काय ते समजलं. वाईट तार घेऊन तो गप्प यायचा, चपला हातात घेऊन.

एकतीस साली, माघात, सोमवारी दुपारी भागोजी गप्प आला.

गडग्यावर चढला नाही, ओरडला नाही. सरळ आमच्या अंगणात. तार हौसाच्या नावची. हौसा माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा हरिश्चंद्र भावजी, बोटीवर खलाशी, दोन वर्षं परमुलखात. तो गेला तेव्हा तिला पाचवा महिना होता. मालन झाली, चालायला लागली, बोलायला लागली, बापाने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि सहा महिने त्याचं पत्र नव्हतं. आता सांगा, मी किंकाळी फोडणार नाही तर काय करणार?

"अगो, ओरडू नको, मला ठाऊक नाही काय आहे ते!" भागोजी सांगत होता. म्हातारे मास्तर रजेवर गेले होते. नवीन मास्तराने लखोटा दिला तो मान वर न करता, ना 'पळ' म्हणाला ना उठला. पण भागोजीचं ऐकतो कोण? मी रडते, शेजारच्या चिमा नि सोनूबाई रडतायत, सासूबाई भिंतीला टेकून खाली बसलेल्या. हौसाने अंगठा दिला, लखोटा छातीशी धरला आणि म्हणाली, "उघडायचा नाही."

इंग्रजी वाचणारे दादू कारकून वाडीतच होते, मुंबईहून पेन्शन घेऊन आलेले. ते चष्मा घेऊन धावत आले. पण हौसा हटेना. सासूबाई म्हणाल्या, देवीला विचारू. आमच्याकडे लग्न असो की पेरणी, देवीला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. गुरवाने देवीच्या पाषाणावर ओल्या फुलांच्या कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर उघडा, डावी पडली तर नको.

डावी पडली.

हौसाचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू! लखोटा बंद आहे तोवर नवरा जिवंत आहे, एवढंच तिच्या मनात. तार देवीच्या पायाशी ठेवली, वर नारळ ठेवला, आणि आम्ही घरी आलो. ती रात्री पोटभर जेवली. मला घास उतरेना.

मंगळवारी भागोजीने नव्या मास्तराचे पाय धरले. निदान गोड की कडू तेवढं सांगा म्हणाला. मास्तर उखडला. सरकारी गुपित शिपायाने विचारायचं? नोकरी जाईल, म्हणाला. त्याचंही चुकलं नाही म्हणा.

बुधवारी दुपारी भागोजी पुन्हा आला. पिशवी नाही, कोट नाही, बिनपगारी रजा काढून. हौसाला घेऊन थेट देवळात गेला. मागे आम्ही सगळ्या.

"हौसा, आत काय आहे मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण वीस वर्षं हेच वाहतोय. वाईट बातमी आज काय नि उद्या काय, तेवढीच वाईट. चांगली असली तर मात्र ती मासळीगत असते गो. ठेवली की कुसते."

"देवीने नको म्हटलंय," गुरव मध्ये पडला.

"देवीला तुम्ही विचारलंत ते मी गप्प आलो म्हणून. चूक माझी, देवीची नाही." मग त्याने हात जोडले. "गे आई, लेकराचा काही गुन्हा असला तर तो ह्या भागोजीच्या माथी घाल. हिला हात लावू नको."

हौसाने अडवलं नाही. त्याने नारळ बाजूला केला. वीस वर्षांत दुसऱ्याची तार कधी फोडली नव्हती त्याने. लखोटा वाकडातिकडाच फाटला. दादूंनी वाचलं. "मुंबईस पोचलो. शनिवारी बोट पुन्हा सुटते. पोरीला घेऊन ये."

अगो बाई! मग हौसा अशी पळाली घराकडे, पदराचं भान नाही. कारण सोमवारीच उघडली असती तर मंगळवारची आगबोट मिळाली असती, तीन दिवस मिळाले असते. आता गुरुवारची बोट, म्हणजे रात्री मुंबई, म्हणजे हाताशी एकटा शुक्रवार. दादू सोबत निघाले. भागोजीने पोरीला खांद्यावर घेतलं, खाडी ओलांडली, बंदरावर रात्र काढली, आणि सकाळी मचव्यातून नेऊन तिघांना आगबोटीवर चढवलं, तेव्हा कुठे घरी गेला.

शनिवारी हरिश्चंद्र भावजीची बोट सुटली. तो पुन्हा आला नाही. दीड वर्षाने दूरच्या कुठल्याशा बंदरात तापाने गेला.

ती तारही भागोजीनेच आणली. चपला हातात घेऊन आला. ह्या वेळी मी ओरडले नाही, आवाजच फुटला नाही माझा. हौसाने लखोटा घेतला, दादूंच्या हातात दिला, उभ्यानेच ऐकलं. मग भागोजीच अंगणात मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"तीन दिवसांतले दोन मी खाल्ले गो तुझे," तो म्हणाला. "गप्प आलो नसतो तर..."

हौसा त्याच्यासमोर बसली.

"काका, तो शुक्रवार कसा गेला सांगू? सकाळभर मालन त्यांच्याकडे जाईना. खाऊ दिला, बाहुली दिली, नुसती माझ्या मागे लपायची. दुपारी त्यांनी नाद सोडला. गोदीच्या भिंतीला टेकून नुसते तिच्याकडे बघत बसले. आणि दिवे लागायच्या वेळी ती आपणहून गेली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवलान आणि 'बाबा' म्हणाली. एकदाच म्हणाली. पण त्यांनी ऐकलं, काका. तुम्ही तार फोडलीत म्हणून त्यांनी ऐकलं."

मग ती रडायला लागली, आणि भागोजीने तिला जवळ घेतलं.