आत्याच्या किनारींना कुलूप

“काहून गा, माझ्या बापाच्या किनारीखाली हे कोण लिहून राहिलं?” आत्या फोनवर ओरडत होती. ती उमरेडला, मी नागपुरात. फोन नसता तरी ऐकू आलं असतं. आमच्या गल्लीतले दोन कुत्रे उठून बसले, हे मी शपथेवर सांगतो. तिसरा बहिरा आहे.

“काय लिहिलं?”

“म्हणते, गुलाबी रंगात भेटन का. न ओळखीचा न पाळखीचा. गॉगल लावून फोटो आहे त्याचा.”

आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. किनारीचे नमुने त्यांनी चौकटीच्या कागदांवर काढलेले, आणि आत्यानं ते दोन लोखंडी पेट्यांत जपलेले. नात्यातल्यांनाही ती ते हातभर लांबूनच दाखवायची. तीन वर्षं मी तिच्या मागे लागलो, तेव्हा कुठं एक पेटी स्कॅन करायला मिळाली. दुसरीचं ती नुसतं “पाहू” म्हणाली होती, आणि तिकडे कागदांना कसर लागत चालली होती.

घरच्यांना फोनवर पाहता यावेत आणि खाली दोन शब्द लिहिता यावेत म्हणून स्कॅन ठेवले माझ्या घरच्या सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. पण थाट असा की मे महिन्यात कूलरची पहिली हवा त्याला, मग पाहुण्यांना, उरली तर मला. नातेवाइकांच्या लक्षात वेगळा पासवर्ड राहणार नाही, म्हणून ज्याच्या फोनमध्ये जे मेलचं खातं आहे त्यानंच आत शिरायची सोय केली. आता मेलवाली कंपनी एवढंच सांगते की हा माणूस तोच आहे. तो आपला आहे का, हे आपण पाहायचं असतं. मी पाहिलंच नाही. नवीन कोणी आला की आपोआप त्याचं खातं उघडायचं, हे बटण सुरूच ठेवलं. आमच्याकडची रीतच तशी. दारात कोणी आलं की आधी “या, बसा”, मग पाणी, मग पोहे, आणि हात धुताना “कोणाकडले तुम्ही?” सर्व्हरलाही मी तेच वळण लावलं. एका चुलतभावानं लिंक लग्नाच्या ग्रुपवर टाकली आणि कुहीपासून सावनेरपर्यंतचे वऱ्हाडी आत येऊन बसले. मोजले तर सदुसष्ट. त्यातले घरचे नऊ, आणि एक तर बँडवाला.

“दुसरी पेटी विसर,” आत्या म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुपारभर मी जागचा हललो नाही. आपोआप खातं उघडणं बंद केलं. परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी केली. यादीत नाही त्याला दारातूनच परत. आधीचे सगळे लॉगिन रद्द केले, तसे आत बसलेले एका झटक्यात बाहेर. गॉगलवाला इतक्या वेगानं गेला की त्याचा गॉगल आतच राहिला असावा. किनारीखालची गुलाबी चौकशी पुसली आणि छाती फुगवून आत्याला कळवलं, “आता मुंगीसुद्धा शिरत नाही. तूच पाहून घे.”

दहा मिनिटांनी तिचा फोन आला. “प्रवेश नाही म्हणते.”

मी घाईनं यादी उघडली. पत्ते आठच होते. तिचाच राहिला होता. माफी कुठून सुरू करावी, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

“मलेच घेत नाही न?” आत्या म्हणाली. “मंग बरोबर आहे. दुसरी पेटी घेऊन जा.”