देवीशी अबोला

आमचं घर फुटलं तेव्हा मी पहिला ठपका ठेवला तो अंबाबाईवर. चोरीचा नव्हे, दुर्लक्षाचा. तिच्या देवळापासून आम्ही दोन गल्ल्यांवर राहतो. इतकी वर्षं रोज सकाळी मी तिच्या दारात हजेरी लावली. एक दिवस आम्ही नवराबायको कुरुंदवाडला लग्नाला गेलो, तर तेवढी एक दुपार आमच्या घराकडं बघणं तिला जमू नये? शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही!

आणि चोर तरी कसला! कडी उचकटली, कपाट फोडलं, बायकोच्या आईनं दिलेल्या पाटल्या नेल्या, देव्हाऱ्यातले चांदीचे टाकही नेले. इथवर त्याचा धंदा म्हणू. पण फ्रिजमधलं श्रीखंड चाटूनपुसून खाऊन चमचा बेसिनमध्ये ठेवायचं काय कारण? बायको पाटल्यांसाठी रडत होती आणि मी त्या चमच्याला शिव्या देत होतो. मग मयताला यावं तशी माणसं भेटायला येऊ लागली. चहाचा घोट घेत विचारायची, "किती तोळं गेलं?" एक जण तर म्हणाला, "एवढंच व्हय?" जणू चोराच्या पाहुणचारात आम्हीच कमी पडलो!

खरी चोरी मात्र नंतर लक्षात आली. पूर्वी गावाकडून दर्शनाला आलेल्या बायका आमच्याकडे पाणी पीत, पिशव्या ठेवून जात. आता भर दुपारीही आतून कडी. चोराचा हात लागला म्हणून हिनं सगळ्या साड्या तीन-तीनदा धुतल्या. बेल वाजली की दार न उघडता आधी खिडकीतून बघायची. लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं, ती रोज फोनवर बोलवायची, आणि ही म्हणायची, "घर सोडून मी कुठंही येणार नाही." मी देवळात जाणं बंद केलं. बाहेरून जाताना मान फिरवून जायचो. देवीच्या लक्षात यावं म्हणून जरा सावकाशच.

एका शुक्रवारी दार वाजलं. खिडकीशी डोक्यावर पदर घेतलेली एक अनोळखी बाई, हातात फडक्याचं छोटं गाठोडं. "अक्का, चंदगडास्नं आलोय. लेकीचं लगीन हाय. हे माझ्या आईचं डाग. मोडून मंगळसूत्र करायचंय. दर्शन घेऊन सोनाराकडं जातो. गर्दीत कुणी मारलं तर? तवर ठेवा की जरा."

मी भडकलोच. "अहो बाई, आमचंच घर फुटलंय! सगळी गल्ली सोडून इथंच आलात?"

"मग बरंच की दादा. ज्येचं गेलंय, त्येलाच राखायची किंमत कळती." एवढं बोलून तिनं गाठोडं गजांतून हिच्या हातात सरकवलं आणि गेलीसुद्धा. नाव नाही, पत्ता नाही.

तीन तास झाले. ही गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. अचानक उठली. "अहो, तिची एसटी चुकेल!" गाठोडं पदराखाली धरून दीड महिन्यानंतर पहिल्यांदा उंबरा ओलांडला. मीही चपला घालत मागे पळालो. ती बाई अजून दर्शनाच्या रांगेतच होती. हिला पाहून म्हणाली, "अगं बया, पळत कशाला आलासा? मी काय गाठोडं टाकून जातो व्हय?" ही खळखळून हसली. ते हसू मी विसरूनच गेलो होतो.

तेवढ्यात मला आठवलं. "दार लावलंस?"

"तुम्ही मागून आलात की!"

म्हणजे घर सताड उघडं. मी वळणार तोच हिनं माझा दंड धरला. "आता दर्शन झाल्याशिवाय हलायचं नाही." देवीपुढं मांडायला माझी मोठी तक्रार तयार होती. समोर उभा राहिलो आणि नुसतेच हात जोडले. बाहेर आल्यावर हिनं गाठोडं त्या बाईच्या हवाली केलं. घरी आलो तर सगळं जागच्या जागी. पुढच्या आठवड्यात ही लेकीकडे गेली.

ती बाई म्हणजे देवी होती, असा माझा दावा नाही. शेवटची एसटी धरायला ती ज्या वेगानं पळाली, त्या वेगानं देवी पळत असेल असं वाटत नाही. पण तिला आमच्या दाराशी कुणी पाठवलं, हे मी आता विचारत नाही. पाटल्या मिळाल्या नाहीत. चोराला मी माफही केलेलं नाही, करणारही नाही. राग गेल्याशिवाय शरण जाता येत नाही, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. राग अख्खाच्या अख्खा देवीच्या पायरीवर ठेवता येतो. त्याचं काय करायचं ते आई बघेल. रात्री मला झोप लागते, एवढं मात्र तिनं केलंय.