कोपऱ्यातल्या मुलीचा वाटाड्या

गणिताच्या बाईंना शाळेत तीस वर्षं झाली होती, आणि तीस वर्षांत एकही चूक त्यांच्या लाल पेनातून सुटली नव्हती. मुलं पाठीमागे त्यांना 'लालबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

मुलांनी एकमेकांना गेममधून शिकवायचं, हे खूळ कॉम्प्युटरच्या सरांचं, गेल्या वर्षीपासूनचं. दोघांची जोडी: एक वाटाड्या, एक वाटसरू. नदीत दगड, दर दगडावर गणित. चुकलं की दगड बुडतो, वाटसरूसकट. वाटाड्याने उत्तर सांगायचं नाही, नुसती खूण लिहायची. 'अगं बावळे, नीट मोज' हीसुद्धा खूणच. बाईंनी आधी नाक मुरडलं. पण महिन्याभरात चौथीतली 'ढ' पोरं फटाफट बेरजा करू लागली, तेव्हा त्यांनी निमूटपणे कॉम्प्युटरच्या खोलीत खुर्ची टाकली.

वर्गात सत्तावीस मुलं, म्हणजे जोडीवाचून एक जण राहणारच. ती मुलगी कोपऱ्यातल्या मशीनवर एकटी बसे. तिची थोरली बहीण गेल्या वर्षी याच वर्गात होती; तापाने गेली. तेव्हापासून धाकटीच्या वहीत एकही आकडा उमटला नव्हता. असंच चाललं तर तिला चौथीतच ठेवावं लागणार होतं.

एके दिवशी बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि पाहतात तो काय, पोरगी भराभर दगड ओलांडतेय. पडद्यावर खूण उमटली: 'पाहुणा आलाय. त्याला शेजारच्या घरात बसव.'

हातच्याला पाहुणा म्हणणारी मुलगी त्यांनी उभ्या जन्मात एकच पाहिली होती, ती थोरली. 'पाहुणा नाही, हातचा!' असं तिच्या वहीत लाल शाईने लिहून त्यांनी ते वर्गाला वाचून दाखवलं होतं. सगळे पोट धरधरून हसले होते. पुढच्या आठवड्यापासून ती आलीच नाही.

"सर, हिचा वाटाड्या कोण?"

"कुणीच नाही हो बाई. एकटीच खेळते." सरांनी मशीन तपासलं. "गेल्या वर्षीच्या मुलांच्या खुणा राहिल्या असतील आत."

बाईंनी मनाची समजूत घातली. पण दोन दिवसांनी पडद्यावर आलं, 'खोकतेस का? पाणी पी आधी.' गेल्या वर्षीच्या खुणेला आजचा खोकला कसा कळावा?

परीक्षा झाली. धाकटीचा पेपर तपासताना बाईंचा हात थांबला. एकूण एक उत्तर चुकलं होतं, आणि दरवेळी नेमका हातचाच गाळलेला. इतकं बिनचूक चुकायला गणित यावं लागतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला कॉम्प्युटरच्या खोलीत गाठलं. "मुद्दाम केलंस ना हे?"

मुलगी नखं कुरतडत राहिली. मग म्हणाली, "पाचवीवाल्यांना ही खोली नसते ना, बाई."

"बरं, मग?"

"मग ताई एकटी पडेल."

ती खेळायला पळाली आणि बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. भर दुपार होती, बाहेर पोरांचा कल्ला चालला होता, तरी त्यांच्या अंगावर काटा आला. एका बोटाने त्यांनी लिहिलं, 'तिला पुढे जाऊ दे.'

नदी नुसतीच वाहत राहिली. मग एकेक अक्षर उमटलं. 'मग इथे कोण बसेल?'

बाईंना रडू फुटलं. थोरलीची माफी मागायची होती, पण ती कशी लिहितात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'मी बसेन.'

'पाहुणा म्हटलेलं चालेल?'

'चालेल.'

फेरपरीक्षेत धाकटीला पैकीच्या पैकी मिळाले. निकालाच्या दिवशी ती मैत्रिणीचा हात धरून खोलीवरून धावत गेली, आत वळूनही पाहिलं नाही. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या.

पडद्यावर आलं, 'गेली?'

बाईंनी लिहिलं, 'गेली.'