अंबाजोगाईतली रंगवलेली गल्ली

परवा घरात ऑइलपेंटचा डबा उघडला आणि त्या वासानं मला अंबाजोगाईच्या जुन्या गल्लीत नेलं. तेव्हा मी कॉलेजात होते. तिथल्या भिंतींवर कुणीतरी चित्रं काढलीत असं ऐकून एकटीच बघायला गेले होते. तिसऱ्या वळणावर लक्षात आलं, एक माणूस मागं येतोय. मी थांबले की तोही थांबायचा. शेवटी ओढणी मुठीत आवळून मी वळले.

"काहून मागं मागं येताय?"

तो ओशाळला. "चित्रं म्या काढल्यात, ताई. तुमी कुठं थांबता ते बघायलतो. कोन्तं आवडलं?"

माझं सारं लक्ष त्याच्यावरच होतं. घाईघाईत मी समोरच्या मोराकडं बोट केलं.

"तेवढा माझा न्हाई," म्हणत तो परत फिरला.

घाबरले ते चुकलं, असं आजही वाटत नाही. पण त्याचं एकही चित्र आठवत नाही, याची चुटपुट लागते.