मांडीवरची जपानी गिटार

हिंगोलीहून नांदेडला निघालेल्या एसटीत तो शेळ्यांचा व्यापारी माझ्या शेजारी बसला आणि माझं डोकं खायला लागला. बाबांची इलेक्ट्रिक गिटार मी मांडीवर घेऊन विकायला नेत होतो. शेळीची पाठ चाचपावी तशी त्यानं ती न विचारता चाचपली, खुंट्या पिळल्या, रंग उडाला होता तिथं नख घासलं.

"वय काय हिचं? दात तं न्हाईत बघायला."

मी वैतागून सांगितलं, विकायला नेतोय, पण ही साठच्या दशकातली जपानी गिटार आहे, असली आता बनत नाही, हा तारांजवळचा लोखंडी दांडा दाबला की सूर लचकतो, बाबांनी ऑर्केस्ट्रात जन्मभर हीच वाजवली. त्यानं तार छेडली.

"आवाज काहून न्हाई?"

"लाइट लागते!"

"मंग लाइट गेल्यावर मुकीच म्हना."

वाटेत डोंगरकडा गावाला उतरताना तो म्हणाला, "इकायचं जनावर आमी मांडीवर घेत न्हाई. मंग हातून सुटत न्हाई."

नांदेडच्या गिऱ्हाइकाला गिटार लगेच पसंत पडली. तरीही परतीच्या एसटीत ती माझ्या मांडीवरच होती, आणि मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.