आईचं नाव घेता येत नाही

दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर एक बाई होती. तिला सगळे डोंगरीण म्हणत. तिला स्वतःचं छान नाव होतं, पण ते घेताना मॅनेजरची जीभ अडखळायची, आणि मॅनेजरची जीभ अडखळली की चूक नावाची ठरायची. डोंगरिणीने कधी वाद घातला नाही. ओली चादर तापल्या रुळांत सरकवायची, पुठ्ठ्यासारखी कडक होऊन बाहेर आली की घडी घालायची, यात तिची कितीतरी वर्षं गेली होती.

एके दुपारी वरच्या वाडीहून ट्रकवाला निरोप घेऊन आला. तिची आई गेली होती. डोंगरीण तशीच मॅनेजरच्या काचेच्या खोलीत गेली.

"साहेब, माझी आई गेली. मी जाते."

मॅनेजर फोनवर होता. त्याने मान डोलावली. ती गेली.

तिच्या लोकांत आई गेली की लेकीने सुतक संपेतो आईच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. तिने सगळं रीतसर केलं. परतली तेव्हा इस्त्रीवर दुसरीच बाई उभी होती.

"न सांगता गेलीस. आम्ही राजीनामा समजलो," मॅनेजर म्हणाला.

"सांगितलं होतं की. तुम्ही मान हलवलीत."

"ती फोनवरच्या माणसासाठी हलवली होती!"

घड्या घालणाऱ्या बायकांनी तिला कामगार न्यायालयाचा रस्ता दाखवला. तिथे सरकारी खर्चाने एक वकीलबाई मिळाली. कानात डोंगरी घडणीचे मोठे झुमके घालून ती भेटली आणि भेटल्या भेटल्या म्हणाली, "तुमची संस्कृती किती सुंदर आहे हो!" डोंगरीण म्हणाली, "ताई, मला इस्त्री परत पाहिजे."

सुनावणीला घोडं पहिल्याच पायरीवर अडलं. डोंगरातल्या अर्जदाराला दुभाषी दिलाच पाहिजे, असा नियम होता. डोंगरिणीला शहरातली बोली चांगली येत होती, पण नियमाला ते ठाऊक नव्हतं. दुभाषी म्हणून आलेला गृहस्थ पूर्वी जंगलातल्या लाकडाच्या ठेकेदाराचा मुकादम होता. डोंगरी भाषेत त्याला फक्त हुकूम सोडता येत.

"आई कधी वारली ते विचारा," न्यायाधीश साहेब म्हणाले.

दुभाषी तिच्याकडे वळून खेकसला, "आई! मर! कधी! बोल!"

"सुगी झाल्यावर गेली, साहेब," डोंगरीण सरळ साहेबांना त्यांच्याच बोलीत म्हणाली.

साहेबांनी दुभाष्याकडे पाहिलं. "काय म्हणतेय ती?"

"सुगी झाल्यावर गेली म्हणते, साहेब."

"लिहून घ्या. मयताचं नाव?"

इथे मात्र डोंगरिणीच्या तोंडाला कुलूप लागलं. मेलेल्या माणसाचं नाव तिच्या लोकांत घेत नाहीत. घरात नवं मूल जन्मून त्याला ते नाव मिळेपर्यंत नाव विसावा घेतं. मध्येच हाक मारली तर वाटेला लागलेलं माणूस मागे वळून बघतं आणि त्याची फरफट होते. आईची फरफट करून इस्त्री मिळवावी, असं तिला वाटेना. वकीलबाईने तिच्या कानात कुजबुजून पाहिलं, "एकदाच, अगदी हळू घ्या." डोंगरिणीने मान फिरवली.

मालकाचा वकील खूश झाला. "साहेब, ज्या बाईला नावच नाही ती मरेल कशी?"

साहेबांनी कपाळ चोळलं आणि पुढची तारीख दिली.

दरम्यान डोंगरिणीची सून बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाला डोंगरिणीने नातीच्या कानात आपल्या आईचं नाव सांगितलं, आणि बऱ्याच महिन्यांनी तिला पोटभर रडू आलं. "आई, आता रडताय कशाला?" सून म्हणाली. "आता हाक मारता येते गं," ती म्हणाली.

पुढच्या तारखेला तिने खणखणीत आवाजात नाव घेतलं. वकीलबाईने सुटकेचा सुस्कारा सोडला.

"गेल्या वेळी का नाही सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"तेव्हा ती गेलेली होती. आता परत आलीय."

मालकाचा वकील खुर्चीतून उडालाच. "ऐका, साहेब! मयत जिवंत आहे!"

"कुठे आहे?"

"बाहेर व्हरांड्यात. दूध पितेय," डोंगरीण म्हणाली.

सून बाळाला घेऊन आत आली. मयताने साहेबांकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं, आणि पंखा तिला जास्त आवडला. लघुलेखकाने अदबीने विचारलं, "साहेब, वय काय लिहू?"

साहेबांना यातून लवकरात लवकर सुटायचं होतं. त्यांनी कागद पहिल्यापासून चाळले आणि मॅनेजरला विचारलं, "हिला काढण्याआधी नोटीस दिली होती? का गेलीस म्हणून विचारलं होतं?"

"नाही साहेब. या लोकांना वाचता कुठे येतं!"

"मग काढलंच कसं? घ्या परत कामावर."

वकीलबाईचे कान लाल झाले. नोटीस न देता काढलं, हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत तिने स्वतः लिहिलं होतं, आणि नाव शोधण्याच्या नादात तीच विसरली होती.

डोंगरिणीला आनंद व्हायच्या आधी राग आला. "मग इतके दिवस माझ्या आईला कशाला मध्ये ओढलंत?"

"काय म्हणतेय?" साहेबांनी सवयीने विचारलं.

दुभाष्याने घसा खाकरला. "आभारी आहे म्हणते, साहेब."

सोमवारी ती कामावर गेली. नव्या बाईला धुलाईकडे हलवलं होतं. जाताना ती ओशाळली, तर डोंगरीणच म्हणाली, "तुझं काय चुकलं गं? पोट तुलाही आहे." दाराजवळ मॅनेजरने ताजी सूचना चिकटवली होती. घड्या घालणारीने ती मोठ्याने वाचून दाखवली: 'नातेवाइकाच्या मृत्यूसाठी रजा हवी असल्यास मृत्यूपूर्वी आठ दिवस कळवावे.'

बायका हसून हसून चादरींवर आडव्या झाल्या. डोंगरीणही हसली, डोळे पुसले, आणि तिने वाफ सोडली.